नायसियात मतदान झालं, पण कशावर?

२०२५ मध्ये नायसियाच्या परिषदेला १७०० वर्षं पूर्ण झाली आणि तेव्हापासून आमच्या बडोद्याच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतंय, की रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननं ३२५ साली सगळ्या बिशपांना बोलावलं, मतदान घेतलं आणि त्या मतदानात येशू नावाचा माणूस देव झाला, शिवाय बायबलात कुठली पुस्तकं ठेवायची तेही तिथंच ठरलं. दांडिया बाजारातले आमच्या नात्यातले लोक, चांगले शिकलेसवरलेले, हे खरं समजून पुढे पाठवतात. मी ख्रिस्ती नाही, पण हा विषय गेली काही वर्षं मनापासून वाचतोय आणि हे इतकं चुकीचं आहे की नीट लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

पुस्तकांचं आधी उरकतो. नायसियात २० नियम मंजूर झाले, ते आजही वाचायला मिळतात, त्यात बायबलच्या यादीबद्दल अवाक्षर नाही. नव्या करारातली आजची २७ पुस्तकं, ना एक कमी ना एक जास्त, अशी यादी पहिल्यांदा दिसते ती इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ सालच्या पत्रात, म्हणजे परिषदेनंतर ४२ वर्षांनी. आणि येशूला देव मानण्याचं म्हणाल तर प्लिनी नावाचा रोमन गव्हर्नर साधारण ११२ साली सम्राट ट्रेजनला कळवतो की हे ख्रिस्ती लोक पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव समजून त्याची स्तोत्रं म्हणतात. प्लिनीच्या प्रांतात बिथिनिया यायचं आणि नायसिया हे त्याच बिथिनियातलं शहर. म्हणजे जिथं परिषद भरली त्याच मुलखात दोनशे वर्षं आधीपासून येशूची देव म्हणून भक्ती चालू होती.

मग भांडण कशाचं? भांडण होतं की तो देव आहे म्हणजे नेमक्या कुठल्या अर्थानं देव आहे.

आपल्याकडच्या माणसाला इथं पहिला प्रश्न हाच पडतो की यात एवढं काय, विष्णूनं रामाचा अवतार घेतला, कृष्णाचा घेतला, तसाच हा एक. मलाही सुरुवातीला हेच वाटायचं. पण यांचा देव ज्यू परंपरेतून आलेला, एकच, आणि त्यानं शून्यातून सगळं निर्माण केलं. निर्माता एका बाजूला आणि निर्माण झालेलं सगळं दुसऱ्या बाजूला, मध्ये देवदेवता, अंश, विभूती अशा पायऱ्याच नाहीत. शिवाय तो नुसता माणसासारखा दिसत होता, भूक-तहान-वेदना हा सगळा देखावा होता, असं म्हणणारे दुसऱ्या शतकातच होऊन गेले होते आणि अँटिओकच्या इग्नेशियससारख्या बिशपांनी त्यांना तेव्हाच झाडून टाकलं होतं, त्यामुळे लीला म्हणून सोडून देण्याची वाटही बंद झालेली. ते देवाला पिता आणि येशूला त्याचा पुत्र म्हणतात. आता या पुत्राला ठेवायचं कुठं, रेषेच्या या बाजूला की त्या बाजूला? सगळा चौथ्या शतकाचा गोंधळ या एका प्रश्नातून निघाला.

एरियस हा अलेक्झांड्रियातला पाद्री, वयस्कर, बोलण्यात आणि वादात पक्का. त्यानं साधारण ३१८ च्या सुमाराला स्पष्ट सांगायला सुरुवात केली की पुत्र निर्मितीच्या बाजूचा. फॉरवर्डमध्ये त्याला येशू नुसता माणूस म्हणणारा सुधारक केलाय, तसं नाही, त्याच्या मते पुत्र हा देवाची पहिली आणि सर्वश्रेष्ठ निर्मिती, जग निर्माण होण्याआधीची, बाकी सगळं त्याच्याकरवी झालं, पण तरी निर्मितीच. तो नव्हता असंही कधीतरी होतं, हे त्याचं गाजलेलं वाक्य. आणि त्याच्याकडे आधारही होते, योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतः म्हणतो पिता माझ्यापेक्षा थोर आहे. त्याच शुभवर्तमानात मी आणि पिता एक आहोत हेही आहे, ते दुसऱ्या बाजूनं काढून दाखवायचे. एरियसनं आपलं म्हणणं गाण्यांत घातलं होतं, खलाशी, गिरणीवाले, वाटसरू यांच्यासाठी गाणी केली होती असं एका जुन्या इतिहासकारानं लिहिलंय, आणि त्याच्याच पंथाच्या इतिहासकारानं, त्यामुळे बदनामीसाठी लिहिलं असं म्हणता येत नाही. त्याचा बिशप अलेक्झांडर म्हणाला हे चालणार नाही आणि वाद इजिप्तमधून बाहेर पडला.

यात बडोद्याचा एक धागा आहे म्हणून जरा थांबतो. सयाजीराव महाराजांची मदत मिळालेले, प्रार्थना समाजाचे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डला मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करायला होते, आणि ते कॉलेज युनिटेरियन लोकांचं, म्हणजे देव एकच, पिता-पुत्र-पवित्र आत्मा असं त्रैक्य नाही असं मानणाऱ्या ख्रिस्ती लोकांचं. एरियस आणि युनिटेरियन एकच नव्हेत, मध्ये बाराशे-तेराशे वर्षांचं अंतर आहे आणि विचारही पुष्कळ वेगळे. पण नायसियानं दिलेलं उत्तर न पटलेली माणसं पुढे कायम होत राहिली आणि त्यांच्यातल्या एका शाखेशी आपल्या प्रार्थना समाजाचा जवळचा संबंध होता, हे मराठी वाचकाला ठाऊक असायला पाहिजे असं मला वाटतं.

कॉन्स्टंटाइननं आधी अलेक्झांडर आणि एरियस दोघांना मिळून एक पत्र पाठवलं, कॉर्डोबाचा बिशप होसियस याच्या हाती, आणि त्यात हा सगळा वाद क्षुल्लक आहे, एवढ्यावरून भांडू नका असं लिहिलं. सम्राटाला साम्राज्य एकत्र ठेवायचं होतं, त्याच्या जागी ते बरोबरच. पण ज्याला येशू देव ठरवून घ्यायचा होता तो माणूस हा प्रश्न क्षुल्लक आहे असं लिहील का? फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं हे एक पत्र जरी वाचलं असतं तरी पुरलं असतं.

पत्रानं काही झालं नाही म्हणून ३२५ च्या उन्हाळ्यात नायसियाला, आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकला, बिशप जमले. परंपरेनं आकडा ३१८ सांगतात, हजर असलेला सीझरियाचा युसेबियस अडीचशेहून जास्त म्हणतो. रोमचा बिशप सिल्व्हेस्टर स्वतः आलाच नाही, दोन पाद्री पाठवले. सम्राट डायोक्लेशियननं ३०३ साली सुरू केलेला ख्रिस्ती लोकांचा छळ संपून जेमतेम बारा वर्षं झालेली, त्यामुळे जमलेल्यांत डोळा गमावलेले, हात डागून निकामी झालेले लोक होते. सम्राटानं सांगितलं म्हणून देव बदलायचा असता तर यांनी तो तेव्हाच बदलला असता, डोळे आणि हात वाचवून. मला नायसियाबद्दल सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट, आणि नेमकी तीच कुणी सांगत नाही.

तिथं जे श्रद्धेचं निवेदन तयार झालं, ज्याला नायसियाचं क्रीड म्हणतात, त्यात पुत्र हा जन्मलेला आहे, निर्माण केलेला नाही, आणि पित्याशी एकतत्त्व आहे असं घातलं. हे एकतत्त्व म्हणजे ग्रीकमधलं होमोऊसिओस, आणि हा शब्द बायबलात नाही ही बऱ्याच बिशपांची खरी तक्रार होती, एरियस न आवडणाऱ्यांचीसुद्धा. पण बायबलातला कुठलाही शब्द दिला की एरियसची बाजू त्याचा आपल्याला हवा तसा अर्थ लावायची, म्हणून बाहेरचा शब्द आणावा लागला. शेवटी सही द्यायला नकार देऊन एरियसबरोबर उभे राहिले लिबियाचे दोन बिशप, सेकुंदस आणि थिओनस. एवढेच. बाकीच्यांत काहींनी मनाविरुद्ध सही केली असणार, समोर सम्राट बसलेला, हे मी मान्य करतो. पण काठावर पास झालेला ठराव म्हणतात तसला हा प्रकार नव्हता.

आणि गंमत म्हणजे त्यानं काहीच मिटलं नाही. दोन-तीन वर्षांत कॉन्स्टंटाइनच उलटा फिरला, एरियसच्या बाजूच्या बिशपांना परत बोलावलं, आणि ३३७ साली मरताना त्यानं बाप्तिस्मा घेतला तोही त्यांच्यातलाच पुढारी, निकोमीडियाचा युसेबियस, याच्या हातून. दुसरीकडे अथनेशियस ३२८ साली अलेक्झांड्रियाचा बिशप झाला आणि पाच वेळा हद्दपार झाला, चार वेगवेगळ्या सम्राटांच्या काळात, बिशपपदाची ४५ वर्षं त्यातली साधारण १७ बाहेर, कधी आजच्या जर्मनीतल्या ट्रियरला तर कधी इजिप्तच्या वाळवंटात साधूंच्या आसऱ्याला. माणूस तापट होता, विरोधकांशी वागणं कठोर होतं, पण त्याचा मुद्दा मला अजूनही बिनतोड वाटतो. तो विचारायचा, पुत्र जर निर्मिती असेल तर तुम्ही त्याची पूजा कशी करता, ती मूर्तिपूजाच झाली की, आणि जो स्वतःच निर्माण झालाय तो बाकीच्या निर्माण झालेल्यांना देवाशी कसा जोडून देणार? म्हणजे त्याच्या लेखी हा माणसाच्या सुटकेचा प्रश्न होता, तत्त्वज्ञानाच्या वर्गातला नव्हता.

३५९ पर्यंत सम्राट कॉन्स्टंशियसनं दबाव आणून रिमिनी आणि सेल्युकिया इथल्या परिषदांत एक गुळमुळीत मसुदा पास करून घेतला, पुत्र पित्यासारखा आहे एवढंच, तत्त्व वगैरे शब्दच नको. जेरोम या धर्मपंडितानं पुढे लिहिलं की सगळं जग कण्हलं आणि आपण एरियन झालोय हे बघून चकित झालं. मतदानानं आणि सम्राटाच्या हुकमानं देव ठरत असता तर ३५९ लाच विषय संपायला पाहिजे होता, कारण मतं तिकडे होती आणि सम्राटही तिकडेच. तसं झालं नाही. बेसिल, त्याचा भाऊ निसाचा ग्रेगरी आणि मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी या कप्पादोकियातल्या तिघांनी शब्दांची घडी नीट बसवून दिली, एक तत्त्व आणि तीन व्यक्ती, आणि ३८१ साली राजधानी कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत नायसियाची बाजू कायम झाली. त्या काळातल्या कॉन्स्टँटिनोपलबद्दल निसाच्या ग्रेगरीनं लिहिलंय की सुटे पैसे मागा तर समोरचा जन्मलेला आणि न जन्मलेला यावर प्रवचन देतो, पावाचा भाव विचारा तर म्हणतो पिता थोर आणि पुत्र त्याच्या खालचा, आंघोळीचं पाणी तापलं का विचारा तर उत्तर येतं पुत्र शून्यातून निर्माण झाला. तो वैतागून लिहितोय, मला मात्र हे वाचून त्या शहराबद्दल आदर वाटतो.

३८१ नंतर दुसरा प्रश्न उभा राहिला, आणि माझ्या मते तो पहिल्यापेक्षा अवघड. पुत्र पूर्ण देव हे ठरलं, तो पूर्ण माणूस हेही मान्य, तर मग एकाच येशूत हे दोन एकत्र कसे? मित्र लाजरसच्या थडग्यापाशी रडलं कोण? क्रुसावर सोसलं कोणी? लाओडिशियाचा अपोलिनारिस म्हणाला शरीर माणसाचं पण आतलं मन, बुद्धी देवाची. त्यावर नाझियान्झसच्या ग्रेगरीचं उत्तर असं की जे त्यानं धारण केलं नाही ते बरं झालं नाही, माणसाची बुद्धीच जर त्यानं घेतली नसेल तर माणसाची बुद्धी सुटणार कशी. या एका वाक्यावर पुढची तीनशे वर्षं उभी आहेत.

४२८ साली नेस्टोरियस कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झाला आणि मरियेला देवमाता म्हणू नका, ख्रिस्तमाता म्हणा असा आग्रह धरला. लोक कित्येक पिढ्या तिला देवमाता म्हणून हाक मारत होते. नेस्टोरियसची काळजी खोटी नव्हती, देवाला जन्म, भूक, मरण चिकटवू नका एवढंच त्याला म्हणायचं होतं, पण दोन-तीन महिन्यांच्या बाळाला मी देव म्हणणार नाही असं काहीतरी तो बोलून गेल्याची साक्ष झाली आणि अलेक्झांड्रियाच्या सिरिलच्या हाती आयतं कोलीत मिळालं. सिरिलचं म्हणणं, शब्द, म्हणजे देवाचा पुत्र, देही झाला असं बायबलात लिहिलंय ना, मग त्या बाळात आणि देवाच्या शब्दात दोन वेगळे कोणी नाहीत, जन्मला तोच, सोसलं त्यानंच.

सिरिलचा मुद्दा मला पटतो आणि त्याची वागणूक अजिबात पटत नाही. ४३१ साली इफिससला परिषद होती, अँटिओकचा जॉन आणि त्याचे बिशप, म्हणजे नेस्टोरियसच्या बाजूचे, अजून वाटेत होते, तरी सिरिलनं २२ जूनला सभा सुरू केली आणि एका दिवसात नेस्टोरियसला पदावरून काढून टाकलं. रात्री लोकांनी मशाली आणि धूप घेऊन बिशपांना मुक्कामापर्यंत पोचवलं. चार दिवसांनी जॉन आला, त्यानं वेगळी सभा घेऊन सिरिललाच काढलं. सम्राटानं आधी दोन्ही निकाल मान्य करून दोघांनाही अटकेत ठेवलं. मग सिरिलकडून राजदरबारात भरपूर भेटी गेल्या, तो सुटून घरी गेला आणि नेस्टोरियस आधी मठात, मग इजिप्तच्या वाळवंटात हद्दपार. ४३३ मध्ये सिरिल आणि जॉन यांनी मात्र एक समेटाचा मसुदा मान्य केला, तो बराच समजूतदार आहे.

४४९ ला पुन्हा इफिसस, या वेळी सिरिलचा वारस डायोस्कोरस, रोमचा पोप लिओ यानं पाठवलेलं पत्र वाचूच दिलं नाही, कॉन्स्टँटिनोपलचा बिशप फ्लेवियन याला मारहाण झाली आणि तो थोड्याच दिवसांत गेला. लिओनं या सभेला लुटारूंची सभा म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. पुढच्याच वर्षी सम्राट दुसरा थिओडोशियस घोड्यावरून पडून वारला, त्याची बहीण पल्केरिया आणि तिनं लग्न केलेला मार्शियन गादीवर आले आणि ४५१ च्या ऑक्टोबरात कॅल्सिडॉनला, आजच्या इस्तंबूलच्या आशियाकडच्या भागात, मोठी परिषद भरली. तिथं ठरलं ते असं: ख्रिस्त एकच, दोन स्वभावांत, म्हणजे देवपण आणि माणूसपण या दोन्हींत, मिसळ न होता, बदल न होता, विभागणी न होता, ताटातूट न होता. चार वेळा नाही म्हटलंय बघा. हे दोन एकत्र कसे आहेत ते सांगितलेलंच नाही, कुठं कुठं घसरायचं नाही तेवढं सांगून सोडून दिलंय, आणि इतक्या भांडणानंतर माणसं इथं येऊन थांबली याचं मला फार मोल वाटतं.

पण इजिप्तला ते नको होतं. तिथले बिशप परिषदेत अक्षरशः रडले की सही करून परत गेलो तर आम्हाला मारून टाकतील, आणि ४५७ साली परिषदेनंतर बिशप म्हणून बसवलेल्या प्रोटेरियसला अलेक्झांड्रियाच्या जमावानं खरंच मारलं. त्यांना दोन स्वभाव म्हटलं की नेस्टोरियस मागच्या दारानं आत आला असं वाटायचं, ते सिरिलच्या शब्दांना धरून राहिले, देहधारी झालेल्या शब्दाचा एक स्वभाव. इजिप्तचे कॉप्ट, सीरियातले पुष्कळ, पुढे आर्मेनियन, सगळे वेगळे झाले. त्याच्याही आधी इफिसस न मानणारी पूर्वेकडची मंडळी इराणच्या बाजूला वेगळी झालीच होती.

आणि हे सगळे आपल्याकडे आहेत! आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरचे मल्याळी काका मलंकरा ऑर्थोडॉक्स, खालच्या मजल्यावरच्या सिस्टर, हॉस्पिटलात नर्स आहेत त्या, सिरो-मलबार कॅथलिक. दोघंही केरळचे, दोघंही प्रार्थनेला कुर्बाना म्हणतात, दोघांचीही श्रद्धा की सेंट थॉमस केरळात आला होता, आणि रविवारी बडोद्यातच दोन वेगळ्या चर्चला जातात. काकांना एकदा विचारलं तर म्हणाले, "हम लोग कॅल्सिडॉन नहीं मानते." इतक्या सहज! जिन्यात उभं राहून ४५१ सालाचं नाव ऐकायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

त्यांच्या इतिहासात एक विलक्षण वळण आहे. केरळच्या जुन्या ख्रिस्ती मंडळींना शतकानुशतकं बिशप यायचे ते इराक-इराणकडच्या चर्चमधून, म्हणजे इफिसस न मानणाऱ्या, ज्यांना लोक नेस्टोरियन म्हणतात त्यांच्याकडून. पोर्तुगीजांनी १५९९ मध्ये उदयंपेरूरला सभा घेऊन त्यांना जबरदस्तीनं रोमखाली आणलं, सिरियाक या त्यांच्या प्रार्थनेच्या भाषेतली जुनी पुस्तकं जाळली. १६५३ मध्ये मट्टांचेरीला लोकांनी क्रुसाला दोर बांधून शपथ घेतली की या जेझुइट पाद्र्यांचं ऐकणार नाही. मग पूर्वेकडे बिशपसाठी पत्रं गेली आणि १६६५ साली जो खरोखर पोचला तो मार ग्रेगोरिओस हा जुन्या चर्चचा नव्हता, सीरियन ऑर्थोडॉक्स होता, म्हणजे वादात बरोबर विरुद्ध टोकाचा. मंडळींनी त्याला स्वीकारलं. त्यांना आपला म्हणणारा, सिरियाकमध्ये प्रार्थना करणारा बिशप हवा होता, तो आला. जुन्या पूर्वेकडच्या चर्चशी जोडलेली एक शाखा आजही त्रिशूरला आहे. साडेतीनशे मैलांच्या केरळात पाचव्या शतकातल्या सगळ्या बाजू आज रविवारी भरलेल्या असतात.

म्हणून मतदानानं देव झाला हे वाक्य मला इतकं खटकतं. परिषदांत जे हरले ते नाहीसे झालेच नाहीत, त्यांनी आपलं उत्तर जपलं, त्यासाठी मार खाल्ला, वाळवंटात राहिले, समुद्र ओलांडून आले. स्वतः नेस्टोरियसनं हद्दपारीत लिहून ठेवलं होतं की पोप लिओचं म्हणणं आणि माझं म्हणणं एकच आहे, ते लिखाण सिरियाक भाषांतरात सापडून १९१० मध्ये छापलं गेलं तेव्हा अभ्यासकांना सगळं पुन्हा तपासावं लागलं.

१९७३ मध्ये पोप सहावे पॉल आणि कॉप्टिक पोप तिसरे शेनुदा यांनी एकत्र निवेदन काढलं, ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, मिसळ नाही, ताटातूट नाही. १९९० मध्ये काकांच्या मलंकरा चर्चनंही रोमबरोबर तशाच मजकुराला मान्यता दिली. १९९४ ला पोप दुसरे जॉन पॉल आणि पूर्वेकडच्या चर्चचे मार दिन्खा यांच्या निवेदनात तर मरियेला ख्रिस्तमाता म्हणणारे आणि देवमाता म्हणणारे दोघंही बरोबर आहेत असं सरळ लिहिलंय. ४३१ साली हे होऊ शकलं असतं का? मला नाही वाटत. अलेक्झांड्रियात आणि अँटिओकमध्ये स्वभाव हा एकच शब्द वेगळ्या अर्थानं वापरायचे, त्यात कॉन्स्टँटिनोपलचं बिशपपद आपल्या माणसाकडे असावं ही दोन्हीकडची ओढाताण, आणि वर सम्राटाचं सैन्य. सिस्टरना मी १९९० च्या निवेदनाबद्दल सांगितलं तर त्यांना ते माहीत नव्हतं, काकांना माहीत होतं. तरी चर्च वेगळंच राहणार म्हणाले, कारण पोपचा अधिकार हा निराळा प्रश्न आहे आणि तो त्या निवेदनात सुटलेला नाही.